बालवर्ग बदलावा का?

(हीरक महोत्सवी वर्षात बडोदे येथे पालक आणि माजी विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होतात तेव्हा तिच्या वाटचालीविषयी बोलण्याचा प्रघात आहे. ते काम या व्यासपीठावरून माझ्याहून अधिक अधिकारी व्यक्तींनी केले आहे. माझी सारी नोकरी बालवर्गात गेली. त्या काळात दर जून महिन्यात मला एक प्रश्न विचारला गेला. तो आज आपल्यापुढे ठेवण्याची परवानगी मागते. "बाई, आमचे मूल शाळेत रमत नाही. शाळा बदलावी का?"

हा प्रश्न केवळ आमच्या बालवर्गाच्या पालकांचा नाही. आपल्या शाळेतून शिकून गेलेले कितीतरी विद्यार्थी आज नोकरीनिमित्त बंगळूरला, हैदराबादला, दिल्लीला राहतात. त्यांची मुले तिथल्या नर्सरीत जातात. अधूनमधून त्यांचा फोन येतो. बडोद्याची चौकशी होते, शाळेची होते, आणि मग आवाज थोडा खाली येतो : "बाई, एक विचारायचे होते." पुढचे वाक्य मला पाठ झाले आहे.

या प्रश्नाला घरोघरी दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणजे, "सगळीच मुले रडतात, होईल सवय." दुसरे म्हणजे, "लेकराला कशाला छळता? काढा तिथून." दोन्ही उत्तरे देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, आणि प्रसंगी यांतले कोणतेही उत्तर बरोबर ठरते. अडचण एवढीच की ही दोन्ही उत्तरे मुलाकडे पाहण्यापूर्वीच दिलेली असतात. शाळा बदलणे हा एक उपाय आहे. पण तो कोणत्या दुखण्यावरचा उपाय, हे ठरल्याशिवाय तो करू नये. आणि ते ठरल्यावर लोकलाजेसाठी किंवा भरलेल्या फीसाठी तो टाळूही नये. आज मला जे सांगायचे आहे ते या दोन वाक्यांत सामावले आहे. आता ते विस्ताराने सांगते.

प्रथम रडण्याविषयी. तीन वर्षांचे मूल पहिल्यांदा आईचे बोट सोडून अनोळखी खोलीत शिरते तेव्हा ते रडते, यात विपरीत काही नाही. आई परत येते हे त्याला अनुभवाने कळायचे असते आणि अनुभवाला दिवस लागतात. बहुसंख्य मुले आई दिसेनाशी झाल्यावर थोड्याच वेळात शांत होतात. म्हणून दाराशी होणाऱ्या रडण्यावरून शाळेची परीक्षा करू नये. शाळा सुटताना मूल कसे दिसते ते पाहावे. सकाळी आकांत करणारे मूल दुपारी हातात कागदाची होडी घेऊन, तोंडाने काहीतरी गुणगुणत बाहेर येत असेल, तर ते शाळेत स्थिरावते आहे. उलट एखादे मूल सकाळी मुकाट्याने आत जाते, म्हणून सगळे त्याचे कौतुक करतात. पण दुपारी ते तसेच मुकाट बाहेर येते, डब्याला हात लावलेला नसतो आणि घरी आल्यावर ते क्षुल्लक कारणावरून कोसळते. माझ्या मते काळजी या दुसऱ्या मुलाची अधिक करावी. रडणारे मूल निदान आपले गाऱ्हाणे मांडत असते.

स्थिरावण्याचा काळ प्रत्येकाचा वेगळा. काहींना आठवडा पुरतो, काहींना दीड-दोन महिने लागतात. शिवाय ही प्रगती सरळ रेषेत होत नाही. दिवाळीच्या सुटीनंतर, आजारपणानंतर, घरात धाकटे भावंड आल्यावर, रुळलेले मूल पुन्हा रडू लागते. आपल्या गुजरातेत त्याला आणखी एक निमित्त आहे. नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत गरबा पाहून झोपलेल्या मुलाला सकाळी रिक्षात बसवले की ते शाळेच्या नावाने रडते. त्यात शाळेचा दोष काही नसतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी, दुपारची झोप धरून, दहा ते तेरा तास झोप लागते. अनेक घरांत मूल बाबांची वाट पाहत अकरापर्यंत जागते आणि सकाळी साडेसहाला उठवले जाते. अशा मुलाची शाळा बदलून काय साधणार? आधी त्याची निजण्याची वेळ बदलावी.

हे सांगण्याचे कारण असे की मुलाचे दुखणे चार ठिकाणी असू शकते : त्याच्या शरीरात, घरात, भाषेत किंवा शाळेत. पहिल्या तीन ठिकाणी ते असेल तर नव्या शाळेत ते मुलाबरोबरच जाईल.

शरीराचे उदाहरण देते. एक मुलगा दुसऱ्या एका बालशाळेतून आमच्याकडे आला होता. तिथली तक्रार अशी की तो ऐकत नाही, गोष्टीच्या वेळी उठून जातो, मुलांना ढकलतो. आमच्याकडेही पहिल्या पंधरवड्यात तेच घडले. मात्र आमच्या मदतनीस ताईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. समोर बसून बोलले की तो सांगितलेले करतो. पाठीमागून हाक मारली की वळतही नाही. त्याला वरचेवर सर्दी होत असे. कानाच्या डॉक्टरांनी तपासल्यावर पडद्यामागे पाणी साठल्याचे निघाले. या वयात ही तक्रार पुष्कळ मुलांत आढळते आणि तिच्यामुळे ऐकू कमी येते. उपचार झाले, त्याला पुढच्या रांगेत बसवले, आणि 'ढकलणारा मुलगा' हळूहळू दिसेनासा झाला. शाळा बदलल्याने कान बदलला नव्हता. म्हणून मूल 'ऐकत नाही', 'लक्ष देत नाही' असे कोणी म्हणाले की शाळेविषयी निर्णय घेण्यापूर्वी त्याचे कान आणि डोळे तपासून घ्यावेत. बोलणे वयाच्या मानाने फार मागे वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

घराविषयी थोडक्यात बोलते, कारण ते आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. बदली, नवे घर, आजीचे गावी परत जाणे, आईबाबांमधला अबोला, घरातला मृत्यू, या सगळ्याची किंमत मूल शाळेच्या दारात चुकती करते. अशा वेळी शाळा हीच त्याच्या दिवसातली एकमेव न बदललेली गोष्ट असू शकते. तीही काढून घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

भाषेविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांचा तो खास प्रश्न आहे. आपले मूल घरी मराठी बोलते, सोसायटीच्या अंगणात गुजराती ऐकते, दूरदर्शनच्या पडद्यावर हिंदी पाहते आणि नर्सरीत इंग्रजी प्रार्थना म्हणते. मोठ्या माणसाला याचे कौतुक वाटते. मूल मात्र अपरिचित भाषेच्या वर्गात अनेकदा गप्प होते. नवी भाषा कानावर पडत असताना काही आठवडे, काही वेळा काही महिने, न बोलणे ही पुष्कळ मुलांची स्वाभाविक रीत आहे. ते ऐकत असते, साठवत असते. आमच्या एका माजी विद्यार्थिनीची मुलगी इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत चार महिने एक शब्द बोलली नाही. आई तिला काढून आमच्याकडे आणण्याच्या विचारात होती. मी विचारले, "घरी काय करते?" तर घरी ती बाहुल्यांना रांगेत बसवून शाळेतली सगळी गाणी हातवाऱ्यांसह म्हणून दाखवत असे आणि बाहुल्यांना प्रेमाने खाऊ वाटत असे. मी म्हटले, "मग आहे तिथेच राहू दे. तिच्या खेळातली शाळा आनंदी आहे." नाताळनंतर ती तिथे बोलू लागली. या निर्णयामुळे आमच्या बालवर्गातले एक नाव कमी झाले, पण मुलीच्या दृष्टीने तेच योग्य होते.

मुलांच्या खेळातली शाळा हा पालकांच्या हाती असलेला उत्तम आरसा आहे. तीन-चार वर्षांचे मूल 'शाळेत काय झाले?' या प्रश्नाला 'काही नाही' असेच उत्तर देते. पण ते भातुकलीतल्या मुलांशी शाळा-शाळा खेळू लागले की सगळे सांगते. बाहुलीला कडेवर घेणारी बाई त्यात दिसते; बाहुलीला कोपऱ्यात उभी करणारी, तिला 'घाणेरडी' म्हणणारी बाईही दिसते. मुलाला न टोकता, उलटतपासणी न करता, हा खेळ काही दिवस पाहावा. एकाच दिवसावरून मात्र निष्कर्ष काढू नये. रागावण्याचा अभिनय मुलांना आवडतोच.

न बोलण्याबाबत एक सावधगिरी सांगते. मूल घरी मोकळेपणाने बोलते, पण शाळेत पहिला महिना उलटून गेल्यावर पुढेही महिन्याहून अधिक काळ अगदी गप्प राहते. वर्गात आपली भाषा जाणणारे कोणी असले तरी त्याच्याशीही बोलत नाही. अशा वेळी केवळ भाषेचे कारण पुढे करून थांबू नये, तज्ज्ञाला दाखवावे. आणि घरी, मराठीत, ओळखीच्या माणसांशी चाललेले बोलणेही आटले असेल, तर लगेच दाखवावे.

इथे मराठी माध्यमाचा पुरस्कार करण्याचा मोह मला व्हायला हवा. मातृभाषेतून बालशिक्षण व्हावे असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते, २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही म्हणतो, आणि माझाही त्यावर पूर्ण विश्वास आहे. तरीही रडणाऱ्या प्रत्येक मुलाला 'मराठी शाळेत घाला' हे औषध देता येणार नाही. अलीकडे आपल्याच बालवर्गात ज्यांची आई गुजराती किंवा हिंदी भाषक आहे अशी मुले येतात. आपण त्यांना मराठी समजून बोलतो, पण त्यांच्या कानाला आपली मराठीच परकी असते. मूल ज्या भाषेत आपल्या पोटदुखीविषयी सांगते ती भाषा समजणारे एक तरी माणूस वर्गात हवे. ते नसेल तर फलकावर माध्यम कोणते लिहिले आहे याला मुलाच्या लेखी अर्थ नाही.

आता चौथे ठिकाण, म्हणजे प्रत्यक्ष शाळा. काही गोष्टी अशा आहेत की त्या कळल्यावर वाट पाहू नये. मुलाला मारणे, खोलीत किंवा न्हाणीघरात कोंडणे, लघवीला जाऊ न देणे, कपडे ओले झाले म्हणून चारचौघांत हिणवणे, 'आई नेणार नाही' अशी भीती घालणे, हे कोणत्याही कारणाने क्षम्य नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली. तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. पण म्हणून त्याहून लहान मुलाला मारता येते असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. मुलांवरील क्रौर्य २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे. अंगावर वळ दिसले, विशिष्ट माणसाच्या नावाने मूल थरकापू लागले, कपडे बदलताना ते घाबरू लागले, तर मुलाला त्या दिवसापासून तिथे पाठवू नये आणि १०९८ या मदत क्रमांकावर किंवा पोलिसांत कळवावे. अशा वेळी 'वर्ष पूर्ण होऊ द्या' म्हणणाऱ्यांचे ऐकू नये.

पण बहुतेक प्रकरणे इतकी उघड नसतात. तिथे छळ नसतो आणि मायाही नसते. एका खोलीत चाळीस मुले आणि एक थकलेली बाई असते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक नियमांत तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असावी असे म्हटले आहे. आपल्या पाल्याच्या वर्गात डोकी मोजून पाहावीत. दुसरे पाहावे ते लेखन. चार वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत अंक लिहायला लावणारी शाळा 'तुमचे मूल मागे आहे' असे म्हणते तेव्हा मागे कोण आहे याचा विचार करावा. बोटांची पकड, माती, मणी, रंग आणि कात्री यांतून तयार होते. ती तयार होण्यापूर्वी पेन्सिल हाती दिली तर मूल लिहिण्यालाच कंटाळते. गुजरातेत २०२३-२४ पासून पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण असणे आवश्यक झाले आहे. तेव्हा कसली घाई आहे?

हे सगळे पाहिल्यावरही मन निश्चित होत नसेल, तर मी पालकांना एक साधी कसोटी सांगते. शिक्षिकेची भेट घ्यावी. गर्दीच्या वेळी दाराशी नव्हे, वेळ ठरवून. तक्रार करू नये, तीन गोष्टी विचाराव्यात. आमचे मूल कशात रमते? ते कोणाजवळ बसते? ते रडले की त्याला कशाने बरे वाटते? दीड-दोन महिन्यांनंतर ज्या शिक्षिकेला ही उत्तरे ठाऊक आहेत, तिच्या वर्गात मूल अजून रडत असले तरी त्याला तिथेच राहू द्यावे. तिथे त्याला ओळखणारे माणूस आहे. जिथे उत्तर येते, "तसे ठीक आहे, फक्त अभ्यासात लक्ष नाही," तिथे मूल न रडता बसत असले तरी विचार करावा. शाळा बदलण्याचे कारण मुलाचे रडणे हे नाही. त्या शाळेत त्याला कोणी ओळखत नाही आणि ओळखून घेण्याची कोणाला इच्छाही नाही, हे ते कारण आहे.

'राहावे की जावे' असा पेच आपण घालून घेतो, तेव्हा तिसरी वाट विसरतो. शाळेने बदलावे, ही ती वाट. आणि ही वाट आपल्याच भागातल्या माणसांनी घालून दिली आहे. गिजुभाई बधेका हे वकिली करणारे गृहस्थ. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना ते मॉन्टेसरीबाईंच्या विचारांकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. मारझोड, भीती आणि बक्षिसांचे आमिष यांना तिथे जागा नव्हती. ताराबाई मोडक भावनगरला जाऊन त्यांना मिळाल्या. एक मराठी बाई आणि एक गुजराती शिक्षक यांनी मिळून केलेले हे काम आपल्या दोन्ही भाषांचे आहे. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

पुढे १९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सहकारी झाल्या. बोर्डीच्या आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवरच्या कामात त्यांना असे आढळले की आदिवासी पाड्यांतली मुले बालवाडीत येत नाहीत. ती येत नाहीत म्हणून त्यांना नावे ठेवणे सोपे होते. या दोघींनी बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. त्यातून अंगणवाडी आली. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल शाळेत मावत नव्हते, तर त्यांनी शाळेचा आकार बदलला. १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला, तेव्हा त्यामागे हा अनुभव होता.

याचा आपल्या प्रश्नाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की शाळेकडे बदल मागणे हा पालकांचा उद्दामपणा नव्हे. पहिले पंधरा दिवस मुलाला दीड तासच ठेवता येईल का? आईला वर्गाबाहेर बाकावर बसता येईल का? घरून आणलेला रुमाल किंवा बाहुली जवळ बाळगू द्याल का? गोंगाटाने घाबरणाऱ्या मुलाला प्रार्थनेच्या वेळी कडेला बसवाल का? या मागण्यांना पैसा लागत नाही. एखाद-दुसरी मागणी मान्य करून महिनाभर पाहणारी शाळा सोडू नये. 'आमच्याकडे असे चालत नाही' एवढेच उत्तर देणाऱ्या शाळेने तुमचा निर्णय सोपा केला असे समजावे.

आणि निर्णय सोडण्याचा झाला तर? तो आमची शाळा सोडण्याचाही असू शकतो, हे मी या व्यासपीठावरून मुद्दाम सांगते. एका मुलाला आमच्या बालवर्गातली मुलांची संख्याच सोसवत नव्हती. कोपरा करून दिला, वेळ कमी केली, दोन महिने पाहिले. तो कानावर हात ठेवूनच बसे. जवळच्या एका लहानशा बालवाडीत बारा मुले होती. त्याच्या आईबरोबर मी स्वतः ती पाहायला गेले. तिथे तो रमला. आईला संकोच वाटत होता की मराठी शाळा सोडली म्हणून लोक बोलतील. मी त्यांना म्हटले, "मराठी तुमच्या घरात आहे, ती कोठे जात नाही. मूल आधी." पुढे पाचवीत तो पुन्हा आपल्याकडे आला. आला नसता तरी तो निर्णय बरोबरच होता.

बदलायचे ठरल्यावर कसे बदलावे, हेही महत्त्वाचे आहे. नवी शाळा पाहताना रंगवलेल्या भिंतींपेक्षा रडणाऱ्या मुलाकडे कोण वळते हे पाहावे. त्यासाठी वर्ग चालू असताना अर्धा तास बसू देण्याची विनंती करावी. जुन्या शाळेपासून पळण्यासाठी नवी शाळा घेऊ नये. नव्या शाळेत नेमके काय वेगळे आहे हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर मुलाला पुन्हा पहिल्या दिवसाचे रडणे सोसायला लावण्यात अर्थ नाही. तातडीचे कारण नसेल तर सत्र संपताना, सुटीच्या आधाराने बदल करावा. त्याच महिन्यात घर बदलणे, दुपटे सोडवणे, वेगळे झोपवणे असे दुसरे काही काढू नये.

मुलाला थोड्या शब्दांत खरे सांगावे : "सुटीनंतर आपण दुसऱ्या शाळेत जाणार. तिथे मुले कमी आहेत. मी घ्यायला येईन." मुलासमोर जुन्या शाळेची निंदा करू नये, कालपर्यंत ज्या बाईंजवळ त्याला सोडत होतो त्या वाईट होत्या असे ऐकले तर उद्याच्या बाईंवर ते कसे विश्वास ठेवील? आणि मारहाणीसारखे कारण नसेल तर निरोप घेऊन जावे. मैत्रिणींना बोरे, बाईंना एक चित्र. मुलाला कळले पाहिजे की आपण हरून निघालो नाही, निरोप घेऊन निघालो आहोत.

राहायचे ठरले तर तेही मनापासून राहावे. रोज संध्याकाळी 'आज रडलास का?' असे विचारू नये. दाराशी घुटमळू नये. 'येते' म्हणून निघावे आणि सांगितलेल्या वेळी हजर व्हावे. मुलाची नजर चुकवून निसटू नये. आणि महिन्याभराने शिक्षिकेला तेच तीन प्रश्न पुन्हा विचारावेत.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करते. आपल्यातले अनेकजण या शाळेसाठी काही करू इच्छितात, आणि देणगी म्हटली की सभागृह, संगणक, कमान अशी यादी पुढे येते. त्या यादीत बालवर्गासाठी आणखी एका मदतनीस ताईचे वेतन लिहावे. तिच्या नावाची कोनशिला बसणार नाही. पण पाठीमागून हाक मारल्यावर न वळणाऱ्या मुलाकडे लक्ष गेले ते अशाच एका ताईंचे. आपल्या शाळेला साठ वर्षे झाली. येत्या जूनमध्ये बालवर्गात येणाऱ्या मुलाला त्याचे काही सोयरसुतक नसेल. त्याला एवढेच हवे असेल की आत गेल्यावर त्याच्या नावाने हाक मारणारे, त्याचे पाणी पिण्याचे भांडे ओळखणारे कोणीतरी असावे.

तेवढे आपण देऊ शकलो तर आपल्या शाळेविषयी हा प्रश्न कमी वेळा विचारला जाईल. आणि विचारला गेलाच, तर त्याचे उत्तर शाळेचा पट सांभाळण्यासाठी न देता मुलाकडे पाहून देण्याचे धैर्य आपल्या शिक्षकांत राहो, अशी इच्छा व्यक्त करते.